सूनबाईंचें वाद्य व पट्ट्यांचा भार

या सदरांत आजवर आम्हीं शिवणयंत्रापासून चष्म्यापर्यंत नाना वस्तूंच्या निवडीविषयीं लिहिलें. परंतु वाद्याविषयीं लिहिण्याचा प्रसंग आला नव्हता. तो एका पत्रानें आणिला. नाशिककडील एका मोठ्या कुटुंबांतील वडीलधाऱ्या बाईंचें तें पत्र आहे. नांव प्रसिद्ध करूं नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळें तें आम्ही देत नाहीं. मजकूर मात्र सांगतों, कारण असलाच मजकूर आणखी चार घरांतून हलक्या आवाजांत बोलला जात असेल अशी आमची खात्री आहे.

बाईंची धाकटी सून माहेरीं, मुंबईस, आठव्या वर्षापासून पियानो शिकली. लंडनच्या संगीत-मंडळाच्या परीक्षा तिनें बऱ्याच वरच्या श्रेणीपर्यंत दिल्या. लग्न होऊन ती सासरीं आली तेव्हां पियानो माहेरींच राहिला. चौथ्या मजल्यावरील ज्या बिऱ्हाडांत अकरा माणसें नांदतात तेथें तो ठेवावयाचा तरी कोठें? घरच्या मंडळींस तिच्या कलेचें कौतुक होतें. थोरल्या पुतण्यानें पुढाकार घेतला, सर्वांनीं वर्गणी जमविली, आणि तिच्या वाढदिवसास एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घरीं आला. त्यांत बासरीपासून व्हायोलिनपर्यंत शेंकडों आवाज, जोडीला तऱ्हेतऱ्हेचे ताल. घर हरखून गेलें. सूनबाईंनीं तो आठ-दहा दिवस वाजविला. मग त्यावर कापड पडलें तें पडलेंच. पुढें तेथील एका हौशी मंडळानें रंगमंचावर गाण्याच्या साथीस तिला बोलाविलें, तेव्हां ‘सध्यां हात बसलेला नाहीं’ एवढेंच सांगून तिनें नकार दिला. आतां घरांत कुजबुज अशी कीं, लग्नानंतर हौस सरली, आणि दिलेल्या वस्तूचें मोल तिला नाहीं. बाई विचारतात: दोष मुलीच्या मनाचा, कीं वाद्याचा? आणि वाद्याचाच असेल, तर तिप्पट पैसे घालून दुसरें आणावें आणि त्यांत आवाज मात्र वीस-पंचवीसच असावेत, हें घरांतील पुरुषमंडळींस कोणत्या तोंडानें सांगावें?

पत्र वाचून आम्हीं सासूबाईंस मनांतल्या मनांत नमस्कार केला. सुनेनें न सांगितलेली गोष्ट ज्यांच्या ध्यानांत येते त्यांस उत्तर देतांना आडपडदा ठेवण्याचें कारण नाहीं. आमच्या मतें दोष मुलीच्या मनाचा नाहीं. दोष पट्ट्यांचा आहे. आणि पुतण्याच्या प्रेमाचाहि तो नाहीं, कारण पट्टी म्हणजे काय याविषयींची आपल्या सर्वांचीच समजूत पेटीवरून बनलेली असते.

आपल्या घरांतून पट्ट्यांचें वाद्य म्हटलें कीं डोळ्यांपुढें येते ती पेटी. तिच्यांत पट्टी ही केवळ एक झडप उघडण्याची दांडी आहे. भात्यानें कोंडलेली हवा त्या झडपेवाटे सुटते व पितळेची जिव्हा कांपूं लागते. पट्टी हळू दाबा कीं जोरानें हाणा, सूर तितकाच येतो. लहान-मोठा करावयाचा तो भात्यावरील डाव्या हातानें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं या साध्या पेटींतून गाणें काढून दाखविलें तें भात्याच्या व बोटांच्या नजाकतीनें. तेथें पट्टीचा भार जितका कमी तितकी तान मोकळी. म्हणून पेटीची पट्टी हलकी असणें हाच तिचा गुण. आपले बहुतेक लोक इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या दुकानांत शिरतात ते हीच पारख घेऊन: पट्टीवरून बोट फिरवितात, ‘वा, किती हलकी!’ म्हणतात, आणि पैसे मोजतात.

पियानोची पट्टी अगदीं निराळ्या कुळांतली आहे. युरोपांत पूर्वीं हार्प्सिकॉर्ड नांवाचें वाद्य असे. त्यांत पट्टी दाबली कीं पिसाच्या काडीची एक नखी तार छेडी. त्यांतहि बोटाच्या जोरानें आवाज लहान-मोठा होत नसे. इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें मेदिची घराण्याच्या पदरीं असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानें नखीच्या जागीं हातोडी बसविली, आणि वाद्याचें नांवच ‘मृदु व प्रबल’ अशा अर्थाचें पडलें. पियानो हा त्या लांबलचक नांवाचा उरलेला तुकडा होय. क्रिस्तोफोरीच्या हातचे तीन पियानो आजहि न्यूयॉर्क, रोम व लाइपझिग येथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्याची खरी करामत हातोडी बसविण्यांत नव्हती, ती सोडण्यांत होती. पट्टी दाबतांना बोट हातोडीस तारेपर्यंत पोंचवीत नाहीं. तार किंचित् दूर असतांनाच यंत्रणा हातोडीस सोडून देते, ती उरलेलें अंतर आपल्या वेगानें उडत जाते, तारेवर आपटते व लगेच मागें पडते. तसें न होतें तर हातोडी तारेस चिकटून राहती आणि सूर जागच्या जागीं गुदमरता. पुढें पॅरिसच्या एरार यांनीं १८२१ मध्यें पेटंट घेतलेल्या सुधारणेमुळें पट्टी पुरती वर न येतांहि तोच सूर पुन्हां वाजवितां येऊं लागला. मोठ्या आडव्या पियानोंत आजहि हेंच तत्त्व चालतें.

यांतून एक गोष्ट निघते, ती आमच्या सर्व विवेचनाचें मूळ आहे. हातोडी एकदां सुटली कीं वादकाची सत्ता संपली. त्या सुराविषयीं जें कांहीं करावयाचें तें पट्टीच्या सुमारें दहा मिलिमीटरांच्या प्रवासांत, तेंहि हातोडीस वेग देऊन. तो वेग बारकाईनें मोजून देतां यावा म्हणून हाताला कांहीं तरी भार जाणवावा लागतो. पाट्यावर चटणी वाटणाऱ्या बायकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. वरवंट्याचें वजन हातास चाळवितां आलें पाहिजे. मग मनगट सैल राहतें आणि वजन आपलें काम करतें. तोच वरवंटा पोकळ लांकडाचा दिला तर हात उगाच जोर करतो, खांदा दुखतो, आणि चटणी ओबडधोबडच राहते. पियानो शिकलेला हात हा वर्षानुवर्षें एका ठराविक वरवंट्यावर बसलेला हात आहे. त्याला स्प्रिंगची पोकळ पट्टी दिली कीं हळू वाजविलेले सूर अचानक ओरडतात, जोराचे आणखी मोठे होत नाहींत, आणि वादकास वाटतें कीं आपलाच हात गेला. ‘हात बसलेला नाहीं’ हें सूनबाईंचें उत्तर आम्ही टाळाटाळ समजत नाहीं; तें अक्षरशः खरें असणार.

येथें आमच्या घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. आमच्या एका भाच्यास पियानो शिकावयाचा होता. आम्हीं तेव्हां शिक्षकांचा सल्ला बाजूस ठेविला आणि ‘आधीं आवड टिकते कीं नाहीं तें पाहूं’ या शहाणपणानें त्यास ६१ हलक्या पट्ट्यांचें वाद्य घेऊन दिलें. मुलगा मेहनती, दोन वर्षें रोज तासभर बसला. परीक्षेस गेला तेथें खरा उभा पियानो होता. पहिल्याच तुकड्यांत जेथें हळुवार वाजवावयाचें होतें तेथें निम्मे सूर उमटलेच नाहींत. त्यानें पट्ट्या दाबल्या होत्या, पण तारेपर्यंत हातोडी पोंचेल इतका वेग त्यांना दिलाच नव्हता, कारण घरच्या वाद्यानें तो कधीं मागितला नव्हता. तो घाबरला, जोर करूं लागला, आणि दुसऱ्या पानापर्यंत त्याचा हात भरून आला. गुण कसेबसे मिळाले. शिक्षक आम्हांस एक शब्दहि बोलले नाहींत. भाचा मात्र त्यानंतर पियानोस बसला नाहीं. आवड टिकते कीं नाहीं तें आम्हांस पाहावयाचें होतें. आम्हीं ती मोडून पाहिली. आज तो स्वतःच्या संसारांत आहे, आणि कोठें पियानो वाजूं लागला कीं विषय बदलतो.

असो. आतां बाजारांत काय मिळतें तें पाहूं. इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या पोटांत तार नसते. पट्टीखालीं दोन विद्युत्-संपर्क असतात. पट्टी खालीं जातांना एक आधीं जुळतो, दुसरा मागाहून, आणि या दोहोंमधील काळ यंत्र मोजतें. काळ थोडा म्हणजे बोट वेगवान, म्हणजे आवाज मोठा. १९८३ मध्यें ठरलेल्या मिडी या संकेतपद्धतींत हा वेग १ ते १२७ अशा आकड्यांनीं सांगतात. म्हणजे यंत्रास तुमच्या हाताचा भार कळतच नाहीं, कळतो तो केवळ वेळ. मग चांगल्या वाद्यांत पट्टीस जोडून एक खरी हातोडी, निदान हातोडीसारखें वजन, कशासाठीं बसवितात? ती कशावरहि आपटून सूर काढीत नाहीं. ती असते फक्त वादकाच्या बोटासाठीं. दुकानदार जेव्हां म्हणतो कीं ‘हलक्या पट्टीचाहि आवाज तोच येतो, मग जास्त पैसे कां?’ तेव्हां तो खोटें बोलत नाहीं. तो फक्त ऐकणाऱ्याचा विचार करतो, वाजविणाऱ्याचा नव्हे.

ढोबळ मानानें पट्ट्यांच्या तीन जाती आहेत. पहिली केवळ स्प्रिंगवर परतणारी. सूनबाईंच्या घरीं आलेली ती हीच. दुसरी अर्धभाराची, म्हणजे स्प्रिंगेस थोड्या वजनाची जोड दिलेली. तिसरी हातोडीच्या यंत्रणेची. हींतहि खालच्या सप्तकांकडे पट्टी किंचित् जड व वरच्यांकडे हलकी अशी चढउतार ठेविलेली असते, कारण खऱ्या पियानोंत खर्जाच्या हातोड्या मोठ्या असतात. पहिल्या दोन जाती वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यास ऑर्गनचे सूर घसरवीत न्यावयाचे आहेत, किंवा पेटीचा हात घेऊन भावगीतांस साथ करावयाची आहे, त्यास हातोडीची पट्टी म्हणजे पायांतली बेडी. प्रश्न चांगल्या-वाईटाचा नसून कोणत्या हातासाठीं हा आहे. पियानोच्या हातास तिसरीच जात हवी, आणि पट्ट्या शक्यतों पुऱ्या ८८. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षांत डिजिटल पियानोस परवानगी असते तीहि यंत्रणा, पट्ट्यांचा विस्तार व पेडल हीं खऱ्या पियानोशीं जुळत असतील तरच.

परंतु ‘हातोडीची यंत्रणा’ एवढे शब्द पेटाऱ्यावर वाचून कोणीं निश्चिंत होऊं नये. येथें दुसऱ्या टोंकाचा गैरसमज वाट पाहात असतो: जितकें जड तितकें अस्सल. खऱ्या पियानोची पट्टी मध्यभागीं खालीं बसविण्यास साधारण ५० ग्रॅम वजन पुरतें. याची घरगुती परीक्षा अगदीं सोपी आहे. दहा रुपयांचें नाणें पावणेआठ ग्रॅमांच्या आसपास भरतें. अशीं सात नाणीं एकावर एक रचून पट्टीच्या पुढच्या कडेस हलकेच ठेवावीं. पट्टी सावकाश खालीं बसली तर भार पियानोच्या जवळपास आहे. दहा-बारा नाण्यांनींहि ती हालत नसेल तर असल्या पट्टीवर रोजचा सराव करणाऱ्या हाताचें काय होईल याचा विचार करावा. (दुकानदार हंसेल. हंसूं द्यावें. नाणीं परत मोजून घ्यावीं.) मात्र ही परीक्षा स्थिर भाराची झाली. चालत्या हातास जाणवतो तो भार निराळा, आणि त्यास बोटांवांचून तराजू नाहीं.

या चालत्या भाराविषयीं एक मर्म सांगतों, जें जाहिरातींत क्वचितच येतें. पट्टी ही एक तरफ आहे. तिचा टेंकू कोठें आहे यावर सर्व अवलंबून. मोठ्या पियानोंत पट्टीचा जेवढा भाग आपणांस दिसतो त्याहून पुष्कळ मोठा भाग आंत दडलेला असतो आणि टेंकू चांगलाच मागें असतो. म्हणून काळ्या पट्ट्यांच्या दरम्यान खोल जाऊन पांढरी पट्टी दाबली तरी ती मोकळेपणानें खालीं जाते. इलेक्ट्रॉनिक वाद्य आटोपशीर करावयाचें म्हणजे पट्टी आंखूड करावी लागते आणि टेंकू दिसत्या भागाच्या लगेच मागें येतो. मग कडेवर छान वाटणारी पट्टी आंतल्या बाजूस दगडासारखी होते. दाराच्या बिजागरीजवळ हात लावून दार लोटून पाहावें, म्हणजे आमचें म्हणणें कळेल. ज्या रचनांत काळ्या पट्ट्या पुष्कळ येतात, तेथें अंगठा व करंगळी पुन्हां पुन्हां त्या खोल जागीं जातात. सर्व तक्रार तेथूनच सुरू होते. एकच पट्टी आधीं कडेवर आणि मग काळ्या पट्टीच्या मुळाशीं दाबून पाहिली तर हा दोष अर्ध्या मिनिटांत उघडा पडतो.

तेव्हां खरेदीस जातांना सूनबाईंसच पुढें करावें, आणि बाकीच्यांनीं दुकानांत बसून चहा घ्यावा. तिनें प्रथम वाद्याचा आवाज पुरता बंद करून वाजवावें. कान गप्प झाले कीं बोटें खरें बोलतात. शिवाय पट्ट्यांचा स्वतःचा ठकठकाट किती तेंहि तेव्हांच ऐकूं येतें. चार सुरांचा मेळ अगदीं हळू, चारहि सूर उमटतील असा, दहा वेळां वाजवावा. त्यांतील एकादा सूर वारंवार गळत असेल किंवा एकटाच ओरडत असेल तर तें वाद्य नको. एकाच पट्टीवर बोटें बदलून जलद आघात करावेत. पट्टी परत येण्यास आळस करीत असेल तर सूर खाल्ले जातात. हल्लींच्या पुष्कळ वाद्यांत दोनाऐवजीं तीन संपर्क असतात. पट्टी पुरती वर न येतांहि सूर पुन्हां लागावा हा त्यांचा हेतु, म्हणजे एरार यांचीच युक्ति विजेच्या वेषांत. चौथ्या व पांचव्या बोटानें आंदोलित सूर घेऊन पाहावा. शेवटीं, आवडीचा एक पुरा तुकडा, आणि तो एकदांच नव्हे. अर्ध्या तासानें मनगटाच्या वरच्या बाजूस ताण आला तर कितीहि नामांकित वाद्य असो, उठावें. विक्रेता अशा वेळीं ‘टच बदलून देतों’ म्हणतो. त्या सोयीनें आवाज कोणत्या वेगास किती यावा एवढें बदलतें; पट्टीचा भार रतिभरहि बदलत नाहीं.

नांवाच्या भरंवशावरहि फार राहूं नये. बाहेर एकाचें नांव आणि बोटाखालीं दुसऱ्याची कारागिरी असें या व्यापारांत सर्रास असतें. इटलींतील रेकानाती येथील फातार ही कंपनी अनेकांस पट्ट्यांचे सांचे पुरविते. स्वीडनच्या नॉर्डचीं लाल वाद्यें प्रसिद्ध, पण त्यांच्या ‘ग्रँड’ या नमुन्यांत पट्ट्या जपानच्या कवाईच्या आहेत. आणि एकाच कंपनीच्या स्वस्त व महाग वाद्यांत यंत्रणा इतकी निराळी असते कीं कंपनीचें नांव सांगणें म्हणजे माणसाचें नुसतें आडनांव सांगण्यासारखें आहे.

पत्रांतील दुसरी अडचण रंगमंचाची आहे. सूनबाईंस कार्यक्रमांत साथ करावयाची असेल तर वाद्य चौथ्या मजल्यावरून उतरलें पाहिजे. येथें पट्टी व पाठ यांचें भांडण लागतें. रोलंडच्या २०२० मध्यें आलेल्या आरडी-८८ या रंगमंचीय पियानोचें वजन १३.५ किलो, यामाहाच्या २०१९ च्या सीपी-८८ चें, ज्याच्या पांढऱ्या पट्ट्या लांकडी आहेत, १८.६ किलो, आणि लांब लांकडी पट्ट्यांचें कवाईचें एमपी-११ एसई घ्याल तर तीस किलोंच्या वर जातें. नमुने बदलत राहतील, पण प्रमाण हेंच राहील: पट्टी जितकी लांब व खरी, तितका हमाल आवश्यक. आमचें मत असें कीं सराव जेथें रोज व्हावयाचा आणि कार्यक्रम महिन्याकांठीं एक, तेथें पट्टीच्या बाजूनें झुकावें, मात्र वीस किलोंच्या आंत राहावें; दोन पुतणे तेवढें उचलतील. एक गोष्ट आधींच विचारून घ्यावी: रंगमंचासाठीं बनविलेल्या पुष्कळ वाद्यांत ध्वनिक्षेपक मुळींच नसतात. घरीं आणून विजेस जोडलें आणि आवाज नाहीं, असा फजितीचा प्रसंग येतो. वर सांगितलेल्यांपैकीं आरडी-८८ मध्यें ते आहेत, सीपी-८८ मध्यें नाहींत.

ध्वनिक्षेपक नसणें एकत्र कुटुंबांत नेहमींच तोट्याचें असतें असेंहि नाहीं. कानाला हेडफोन लावून सूनबाई पहांटे पांचास बसल्या तरी आजोबांच्या संध्येंत व्यत्यय नाहीं, मुलांच्या अभ्यासांत नाहीं. फक्त हातोड्यांचा धपधप आवाज जमिनींतून खालच्या बिऱ्हाडांत उतरतो. घोड्याखालीं जाड सतरंजीची दुहेरी घडी घालावी. घोडा म्हणजे स्टँड. त्यांतहि कात्रीसारखा दुमडणारा हलका घोडा हातोडीच्या वाद्याखालीं डुलतो, तेव्हां चार पायांचा घट्ट घ्यावा आणि त्याची उंची अशी ठेवावी कीं बसल्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात सपाट राहील. पेडलहि खेळण्यांतल्यासारखें नको. अर्धवट दाबलेलें ओळखणारें मागून घ्यावें.

राहिला पैशाचा प्रश्न. आज हें लिहितांना हलक्या पट्ट्यांचा साधा कीबोर्ड दहा-वीस हजारांत येतो; हातोडीच्या ८८ पट्ट्या सुमारें चाळीस हजारांच्या पुढें सुरू होतात, आणि खास रंगमंचाचीं वाद्यें लाखाच्या वर जातात. एवढे पैसे घालून आवाज मात्र मोजकेच, हा पुरुषमंडळींचा आक्षेप आम्हांस ऐकूं येतो. त्यांस आमचा उलट प्रश्न असा: घरांतील एकादा मुलगा शल्यविशारद होऊन आला असता, तर बत्तीस पात्यांचा खिशांतला चाकू स्वस्तांत मिळतो म्हणून तोच त्याच्या हातीं दिला असतात काय? शेंकडों आवाजांपैकीं पियानोवादकास लागतो एक. तो एक आवाज हजार तऱ्हांनीं काढण्यासाठींच त्या मुलीनें लहानपणापासूनचीं वर्षें घातलीं. आपण तिला शेंकडों आवाज दिले आणि त्या हजार तऱ्हा काढून घेतल्या. हें कोणीं दुष्टपणानें केलें नाहीं, म्हणूनच दुरुस्त करणें सोपें आहे.

लाखाचें वाद्य आज परवडत नसेल तर त्यासाठीं थांबूं नये. त्याहून पुष्कळ कमी किमतींत, ध्वनिक्षेपकांसह, साडेअकरा ते पंधरा किलोंचीं वाद्यें मिळतात. यामाहाचें २०२३ मध्यें आलेलें पी-२२५ किंवा रोलंडचें २०२१ चें एफपी-३० एक्स हीं त्या वर्गांतलीं. त्यांच्या पट्ट्या आंखूड आहेत, आंतल्या बाजूस थोड्या ताठ आहेत. पण हातोडी आहे, आणि हात बिघडणार नाहीं. जुनें, वापरलेलें वाद्य घेण्यासहि हरकत नाहीं, मात्र ८८ पैकीं प्रत्येक पट्टी एकेक करून सारख्या जोरानें वाजवून पाहावी. एकादीच मोठ्यानें बोलत असेल तर तिच्याखालील संपर्क झिजले किंवा धुळीनें भरले आहेत असें समजावें. आणि दुरुस्ती करणारा नाशिकांतच आहे कीं वाद्य मुंबईस पाठवावें लागेल, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें.

पुतण्यानें आणिलेल्या वाद्याचें काय, हें बाईंनीं विचारलेलें नाहीं. पण तोच कांटा त्यांच्या मनांत असावा. तें विकूं नये. नातवंडें त्यावर स्वर ओळखावयास शिकतील. घरांत कोणी पेटी वाजवीत असेल तर त्यास ही हलकी पट्टी हातास सोयीचीच वाटेल, आणि सांजच्या आरतीस तालहि मिळतील. शिवाय नव्या वाद्याच्या खरेदीस त्याच पुतण्यास बरोबर न्यावें. सातहि नाणीं त्याच्याच खिशांत द्यावीं. वर्गणी काढून भेट देणाऱ्या मुलास असें वाटूं नये कीं आपली भेट चुकली म्हणून काकूंनीं दुसरी आणिली. त्यास वाटावें कीं पहिल्या भेटीनेंच दुसरीची वाट दाखविली. तें खोटेंहि नाहीं.

सूनबाईंस एवढेंच सांगावें कीं पहिले पंधरा दिवस कोणी ऐकावयास बसणार नाहीं. बंद पडलेला हात मोकळा होण्यास तेवढा अवधि लागतोच. त्यानंतर हौशी मंडळाचें बोलावणें पुन्हां आलें तर वाद्य चौथ्या मजल्यावरून उतरवून देण्याचें काम कोणाचें, तें घरांत आतांच ठरवून ठेवावें.